रक्त पोचलं का?



संयोजकांनी बजावलंय, ‘कामाबद्दल बोल, पण कोडिंग नको.’ मी एमआरआयच्या चित्रांवर हिशेब करणारं सॉफ्टवेअर लिहिते. त्यातली एकच गोष्ट सांगते, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे आईवडील आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.

नेहमीच्या एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. तिथल्या पेशींना रक्त किती मिळतं, हे मोजणं वेगळं. १९४० च्या दशकात सेमूर केटी यांनी ते मोजलं, तेव्हा माणसाला नायट्रस ऑक्साइड हुंगवून धमनीतून आणि मानेतल्या शिरेतून रक्ताचे नमुने घ्यावे लागत. पुढे शिरेतून गॅडोलिनियमचं औषध सोडून चित्रं काढू लागले. ती पद्धत आजही चालते, पण मूत्रपिंडं फार कमकुवत असतील तर डॉक्टर दोनदा विचार करतात. १९९२ मध्ये जॉन डेट्रे, अ‍ॅलन कोरेत्स्की आणि सहकाऱ्यांनी सुईशिवायची युक्ती दाखवली. तिचं नाव ‘आर्टेरियल स्पिन लेबलिंग’.

आपण बोरिवलीकर, तेव्हा लोकलचं उदाहरण घेऊ. अंधेरीहून जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशाच्या कपाळाला अबीर लावला आणि थोडं थांबून बोरिवलीत फोटो काढला, तर अबीरवाले किती आले ते कळेल. विरारला निघून गेलेले मोजायचे नाहीत. उतरून घरी गेले तेच आपले. इथे अंधेरी म्हणजे मान. तिथे रेडिओलहरींनी रक्तातल्या पाण्याच्या हायड्रोजन अणुकेंद्रांची चुंबकीय दिशा उलटवतात. मग मेंदूचं चित्र घेतात. खूण न करता दुसरं चित्र घेतात आणि वजाबाकी करतात. दोन्हींत फरक जेमतेम एक टक्का! म्हणून अशा कितीतरी जोड्यांची सरासरी काढावी लागते. चार-पाच मिनिटं डोकं हलवायचं नाही.

गोम आहे ती थांबण्यात. हा अबीर लगेच उडतो. ३ टेस्लाच्या यंत्रात दोन सेकंदांनी एक-तृतीयांशही उरत नाही. फार थांबलात तर खूण पुसलेली, लवकर काढलात तर लोक अजून गाडीतच. वयस्कर माणसाची धमनी अरुंद झाली असेल, तर त्याची गाडी स्लो लोकल.

माझ्या बाबांचं असंच झालं. मूत्रपिंडं थकलेली, डाव्या मानेची धमनी अरुंद, आणि शस्त्रक्रिया करायची की नाही यावर घरात दोन तट. पहिल्या चित्रात मेंदूची डावी बाजू काळी. आईने ते बघून पदर डोळ्यांना लावला. पण त्या काळ्या भागाच्या कडेला रक्तवाहिन्यांत पांढऱ्या रेघा चमकत होत्या. म्हणजे रक्त वाटेत होतं. रेडिओलॉजिस्टबाईंनी तेवढ्यावर रिपोर्ट लिहिला नाही. थांबण्याची वेळ वाढवून पुन्हा चित्र घेतलं. डावी बाजू भरली. उजवीपेक्षा कमी, पण भरली. नंतरचा निर्णय डॉक्टरांनी इतर तपासण्यांसह घेतला. निदान ‘अर्धा मेंदू गेला’ या भीतीपोटी तो झाला नाही.

शेवटी हातात आकडा येतो. मेंदूच्या करड्या भागाच्या १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ६० मिलिलिटर रक्त, असा. तो काढताना आमचं सॉफ्टवेअर काही गोष्टी गृहीत धरतं. खूण किती टक्के लागली, रक्त वेळेत पोचलं का, वगैरे. गणिताच्या बाई म्हणायच्या, उत्तराआधी ‘समजा’ काय लिहिलंय ते वाचा. नुसत्या आकड्यावर माझाही विश्वास नाही, चित्र बघितल्याशिवाय.

पवईला आयआयटीच्या आवारात ‘समीर’ ही सरकारी संस्था आहे. देशी १.५ टेस्ला एमआरआय बनवण्याच्या प्रकल्पाचं नेतृत्व तिच्याकडे आहे. मला त्याचं फार अप्रूप आहे. मात्र १.५ टेस्लात खूण आणखी लवकर पुसते, त्यामुळे या तपासणीसाठी ३ टेस्ला बरं. प्रत्येक केंद्रात ही सोय असतेच असं नाही, आधी फोन करून विचारा.

आईबाबांना नेताना पेसमेकर आणि मूत्रपिंडांचा आजार आधीच सांगा. त्या सकाळी कॉफी देऊ नका, कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह कमी होतो. चहाबद्दलही विचारून घ्या. आणि फिल्मबरोबर सीडीही मागून घ्या. दोन वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तर तुलना करायला तीच लागते.