शिल्पकार करमरकर आणि त्यांचे सासवणे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



आम्ही कलेचे मर्मज्ञ नव्हे. खडू व फळा यांच्या सहवासात आयुष्य घालविलेला एक सेवानिवृत्त शिक्षक. तथापि आपल्या समुद्रकाठच्या जन्मगावावर ज्यांनी अखेरपर्यंत प्रेम केले, अशा एका थोर कलावंताविषयी बोलावे, असे मनात आले.

ते कलावंत म्हणजे विनायक पांडुरंग तथा नानासाहेब करमरकर. अलिबाग तालुक्यातील सासवणे येथे १८९१ साली त्यांचा जन्म झाला. नारळी-पोफळीच्या वाड्या, पलीकडे कोळ्यांच्या होड्या, आणि घरी गणपतीच्या मूर्ती घडविण्याचा परिपाठ. मातीचा पहिला धडा त्यांना घरीच मिळाला. गावच्या राममंदिराच्या भिंतीवर त्यांनी शिवछत्रपतींचे चित्र रेखाटले होते. कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या ते दृष्टीस पडले. साहेबांनी मुलाचा गुण ओळखला व त्यास मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत धाडण्याची व्यवस्था केली. पुढे कलकत्ता झाले, विलायत झाली. पुण्यास १९२८ साली शिवरायांचा जो ब्राँझचा भव्य अश्वारूढ पुतळा उभा राहिला, तो याच हातांचा. देवळाच्या भिंतीवरील रेघोट्यांचे असे सोने झाले!

परंतु आम्हांस विशेष वाटते ते निराळेच. राजेरजवाडे व पुढारी यांचे पुतळे घडविणारे हे हात पुन्हा सासवण्याकडे वळले. कोळीण, गावची माणसे, दावणीची म्हैस यांना त्यांनी शिल्पांत अमर केले. १९६७ साली नानासाहेब निवर्तले. त्यांचे सासवण्याचे राहते घर हेच त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय झाले. आम्ही ते पाहावयास गेलो, तेव्हा कोळिणीच्या मुखासमोर बराच वेळ उभे राहिलो. अशा मुली आमच्या वर्गात बाकावर बसून गेल्या होत्या. आम्ही त्यांच्याकडे कधी इतके निरखून पाहिले नव्हते.

येथे एक कबुली दिली पाहिजे. आम्ही किनाऱ्यावरील एका शाळेत असताना एका मुलाने शाळेच्या मागील भिंतीवर कोळशाने मचवा काढला होता. शीड वाऱ्याने फुगलेले, डोलकाठी किंचित कललेली. आम्ही त्याच्या हाती बादली दिली व भिंत धुवावयास लावली. त्याने निमूटपणे ती धुतली. त्यानंतर त्याने काढलेले चित्र आमच्या पाहण्यात आले नाही. भिंत एका परक्या साहेबासही दिसली होती आणि आम्हांसही दिसली. साहेबाने चित्र पाहिले, आम्ही डाग पाहिला.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची मूळ घरे किनाऱ्यावर कुलूपबंद पडली आहेत. सुटीत मुलांना तेथे न्यावे, वाळूत खेळू द्यावे, आजोबांचे अंगण दाखवावे. मंडळ विद्यार्थ्यांना पारितोषिके देते. त्यांत एक चित्रकलेसाठी असावे, अशी आमची नम्र सूचना आहे. आणि घरातील मुलाने भिंतीवर काही रेखाटले, तर बादली आणण्यापूर्वी क्षणभर थांबून ते पाहावे. इतके सांगून आपली रजा घेतो.