गाडीच्या बॅटरीचे वय



आज मी तुम्हांला एका काळ्या पेटीविषयी सांगणार आहे. ही पेटी जीपमध्ये असते, ट्रॅक्टरमध्ये असते, मोटारीत असते. तिला बॅटरी म्हणतात. रात्री शेतावर जाताना आपण हातात घेतो ती बॅटरी वेगळी. ही गाडीची बॅटरी. हिच्या जोरावर गाडीचे इंजिन सुरू होते.

आता गावोगावी जीपा आल्या, ट्रॅक्टर आले, भाजी वाहणारे टेंपो आले. कोणी कर्ज काढून गाडी घेतली, कोणी भावाभावांनी मिळून घेतली. गाडी घरी आली की आपण हार घालतो, नारळ फोडतो. रंग पाहतो, टायर पाहतो. बॅटरीकडे मात्र कोणी पाहत नाही.

मग एखाद्या रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते. ड्रायव्हर किल्ली फिरवतो. आतून नुसते 'टक्' होते आणि गाडी गप्प! माणसे धक्का मारायला धावतात. सगळे म्हणतात, "अहो, कालपर्यंत तर गाडी चांगली होती!"

गाडी चांगलीच होती, मंडळी. बॅटरीचे वय झाले होते. ते कोणी मोजले नव्हते.

नव्या गाडीबरोबर कारखान्यातून आलेली बॅटरी किती टिकते? साधारण हिशेब ३ ते ५ वर्षांचा आहे. काही बॅटऱ्या लवकर जातात, काही जास्त चालतात. आपल्याकडे ऊन फार, म्हणून ३ वर्षे पुरी झाली की सावध व्हावे. लगेच बदलावी असे नाही. पण तेव्हापासून ती तपासून घेत जावी.

कोणी म्हणेल, "कंपनीने बसवलेली बॅटरी, तिला काय होतंय?" पण ती झाली तरी शिशाचीच. तिच्या आत सहा खण असतात. प्रत्येक खणात शिशाचे पत्रे उभे असतात आणि ते आम्लाच्या पाण्यात बुडालेले असतात. शिसे आणि आम्ल यांच्या मेळातून वीज मिळते. इंजिन चालू झाले की गाडीतले वीजयंत्र ती वीज परत भरते. देणे आणि घेणे असे रोज चालते. वर्षे जातात तसे पत्रे झिजतात, गंजतात. आपली विळी झिजते, तसेच हे.

आता तिचे आयुष्य कशाने घटते ते पाहू.

पहिला वैरी ऊन. उष्णतेने आतले पत्रे लवकर गंजतात आणि पाणी उडून जाते. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. गाडीच्या टपाखाली तर त्याहून जास्त तापते. पण गंमत अशी की, बॅटरी उन्हाळ्यात पोखरते आणि दगा देते हिवाळ्यात. थंडीत तिचा जोर कमी होतो आणि इंजिनातले तेल घट्ट होते. म्हणून दिवाळीनंतरच्या गार पहाटे जुनी बॅटरी हात टेकते.

दुसरा वैरी म्हणजे गाडी नुसती उभी राहणे. नांगरट झाली की ट्रॅक्टर महिनोन् महिने गोठ्याशेजारी उभा असतो. उभ्या उभ्या बॅटरीतली वीज उतरत जाते. रिकामी बॅटरी तशीच राहिली, तर पत्र्यांवर पांढरा थर धरतो. तो थर कडक झाला की पुन्हा वीज भरता येत नाही. म्हणून दर आठवड्याला अर्धा तास तरी गाडी चालवावी.

तिसरा वैरी म्हणजे अगदी जवळची खेप. गाडी सुरू करायला पुष्कळ वीज लागते. घरापासून चावडीपर्यंत गेलात आणि बंद केलीत, तर गेलेली वीज भरून येत नाही. कणगीतून रोज शेरभर धान्य काढले आणि मूठभरच टाकले, तर कणगी किती दिवस पुरेल?

बॅटरी थकली हे कसे ओळखावे? इंजिन सुरू होताना रडल्यासारखा आवाज करते. दिवे मंद लागतात. बॅटरीची पेटी फुगते. असे दिसले की बॅटरीवाल्याकडे जावे आणि मीटर लावून घ्यावा. गाडी रात्रभर उभी असेल आणि बॅटरी भरलेली असेल, तर मीटर १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवतो. १२.२ दाखवला तर ती निम्मी उतरली समजा. पण तेवढ्याने ती मेली असे होत नाही. आधी भरून घ्यावी, मग जोर लावून तपासायला सांगावे. इंजिन चालू असताना मीटर साधारण १४ च्या जवळ जायला हवा. तो १२ वरच राहिला, तर दोष बहुधा बॅटरीचा नाही. वीज भरणारे यंत्र तपासावे.

आमच्याकडचा एक जीपवाला रात्रीच्या वर्गात लिहायला वाचायला शिकला. एके दिवशी त्याची जीप सुरू होईना. मिस्त्री म्हणाला, "बॅटरी गेली. नवी टाका." जीपवाल्याने कार्ड काढले. तारीख वाचली. म्हणाला, "दादा, हिला अजून दोन वर्षं झाली नाहीत. आधी नीट बघा." पाहतात तो काय, तारांच्या टोकांवर पांढरी-हिरवी भुकटी साचलेली! तारा सोडल्या, खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून टोके पुसली, कोरडी केली, तारा आवळल्या. जीप पहिल्या किल्लीला सुरू झाली. नव्या बॅटरीचे हजारो रुपये वाचले. कशाने? चार आकडे वाचता आले म्हणून.

तेव्हा तुम्हीही वाचा. बॅटरीवर तयार झाल्याची तारीख असते. कधी ती खुणेच्या अक्षरांत असते. मग दुकानदाराला विचारा आणि स्वतःच्या हाताने वहीत लिहून ठेवा. गाडी दुकानात काही महिने उभी असली, तर बॅटरीचे ते महिनेही गेलेलेच असतात. हमीचे कार्डही वाचा. पुष्कळदा त्यात दोन भाग असतात. पहिले काही महिने बॅटरी फुकट बदलून मिळते. पुढचे काही महिने फक्त किमतीत सूट मिळते. कोणता भाग कधी संपतो, ते पाहून ठेवा. कार्ड हरवू नका.

आता थोडे जपण्याविषयी. बॅटरीजवळ विडी ओढू नये, काडी पेटवू नये. तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. तारा सोडताना उणे खुणेची तार आधी सोडावी, जोडताना ती शेवटी जोडावी. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर तिच्यात शुद्ध केलेले बॅटरीचे पाणीच घालावे. विहिरीचे पाणी घालू नये. आम्ल अंगावर उडाले तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. डोळ्यात गेले तर डोळा पाण्याने धूत राहावे आणि डॉक्टरांकडे जावे.

आणि जुनी बॅटरी अंगणात फोडू नका. शिसे हे विष आहे. ते लहान मुलांच्या मेंदूला बाधते. जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी सरकारने २०२२ सालच्या नियमांनी बॅटरी करणाऱ्यांवर टाकली आहे. म्हणून ती दुकानदाराला परत द्या. नवी घेताना तिचे पैसे वजा करून मिळतात, ते मागून घ्या.

मंडळी, बैलाचे वय आपण दात पाहून ओळखतो. बॅटरीला दात नाहीत, तिला तारीख आहे. आज घरी गेलात की टप उघडा आणि ती तारीख वाचा. ज्यांच्या घरी गाडी नाही, त्यांनी गावातल्या जीपवाल्याला विचारावे, "बाबा रे, तुझ्या बॅटरीला किती वर्षं झाली?" अडल्या रात्री ती जीप आपल्या सगळ्यांच्याच कामाची आहे.