दमटपणा कळायला लागणारा वेळ

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला पहाटे पान किती वेळ ओलं राहिलं हे कळायलाच हवं, कारण डाऊनी हा द्राक्षावरचा रोग त्याच ओलीवर फोफावतो. म्हणून बागेत छोटे आर्द्रता सेन्सर लागतात. पण सेन्सर नेमका असला तरी चपळ असतोच असं नाही.

चपळाई घरीही मोजता येते. काचेच्या बरणीत मिठाचा ओलसर लगदा ठेवा, झाकण लावा. काही तासांनी आतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर स्थिरावते. बाहेर 45 टक्के असताना झाकणाच्या छिद्रातून सेन्सर आत सोडा आणि घड्याळ लावा. फरक 30 चा. त्यातला 63 टक्के, म्हणजे साधारण 19, चढून आकडा 64 वर यायला लागलेला वेळ हाच त्याचा प्रतिसादकाळ. उघड्या सेन्सरला काही सेकंद पुरतात. धुळीसाठी जाळी बसवली, हवा कोंडली, की हाच वेळ कितीतरी वाढतो. जाळी बसवूनच मोजा, हे मी आवर्जून सांगेन.

साताऱ्यात महाबळेश्वरला 2012 पासून ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे. तिथे पावसाळ्यात ढग दारातून आत येतो आणि बघता बघता निघूनही जातो. सुस्त सेन्सरला तो गेल्यावरच कळेल.