तिथली खाज आणि मेडिकलवरची ट्यूब

इअरफोन लावलेत ना? आजचा विषय घरात स्पीकरवर ऐकण्यातला नाही, म्हणून विचारलं.

संगमनेर, राहुरी, श्रीगोंदा... आपल्या नगर जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधून, मला पोरांचे मेसेज येतात. प्रश्न एकच. "दादा, पुढे लाल झालंय, खाज येते, लघवीला आग होते. गरमी झाली का?"

याला डॉक्टर बॅलनायटिस म्हणतात. लिंगाच्या टोकाला, कातडीखाली येणारी सूज. कारण बऱ्याचदा साधं असतं: घाम, ओलावा, नीट न धुणं, त्यातून वाढणारी बुरशी. कधी उलटं, जास्त साबण किंवा जंतुनाशक लावल्यानंही आग होते. लैंगिक संसर्गही असू शकतो, म्हणून अंदाज बांधू नका, दाखवा.

आता खरी गडबड. पोरगं लाजतं आणि मेडिकलवरून खाजेची ट्यूब आणतं. तिच्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस बरं वाटतं, पण आत बुरशी वाढत राहते आणि कातडी पातळ होते. अशी अनेक मलमं २०१८ पासून डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरी मिळतात, हे तुम्हालाही माहितीय.

मग करायचं काय? रोज एकदा कोमट पाण्याने धुवा, साबण नको. कातडी सहज जाईल तेवढीच मागे घ्या, अलगद कोरडं करा, कातडी परत पुढे आणा. सुती चड्डी रोज बदला. फवारणी केली असेल तर लघवीला जायच्या आधी हात धुवा. बरं होईपर्यंत संबंध टाळा. बुरशी असेल तर डॉक्टर क्लोट्रिमॅझोलसारखं मलम देतात. बहुतेकांना आठवड्या-दोन आठवड्यांत आराम पडतो. जोडीदाराला त्रास असेल तर तिलाही तपासा.

पुन्हापुन्हा होतंय? रक्तातली साखर तपासा. विशीतही मधुमेह निघतो, आणि कधीकधी त्याची पहिली खूण हीच असते.

कातडी मागे अडकली, लघवी तुंबली, तर त्याच तासाला दवाखाना गाठा. सकाळची वाट बघू नका.

जिल्हा रुग्णालयांत लैंगिक आजारांसाठी सुरक्षा क्लिनिक असतं. तपासणी मोफत, माहिती गुप्त. तोंडातून शब्द निघत नसेल तर मोबाईलवर लिहून दाखवा: "तिथे खाज आहे." डॉक्टरला तेवढं पुरतं.

ज्या मित्राला गरज आहे, त्याला हा भाग पाठवा. ग्रुपवर नको, पर्सनलवर.