चित्रकथेची चाल

चित्रांनीं गोष्ट सांगतांना तिची गति कोण ठरवितो? महाडहून रायगडाकडे निघालेला स्वार एका चौकटींत नाते गांवीं दिसतो आणि पुढच्याच चौकटींत गडाच्या महाद्वारांत उभा असतो. मधली पाचाडची वाट आणि तो दमछाक करणारा चढ चित्रकार काढीत नाहीं. वाचकाचें मनच तो चढून जातें. चित्रकथेची चाल दोन चौकटींमधल्या या कोऱ्या पट्टींत दडलेली असते.

अमेरिकन लेखक ली फॉक यांचा ‘फँटम’ १९३६ सालीं दैनिकांत अवतरला. रोज मोजक्याच चौकटी. आरंभीं कालची आठवण, शेवटीं उद्यांची ओढ. रे मूर यांनीं रेखाटलेल्या दाट सावल्यांपाशीं डोळा आपोआप थबके. १९६४ सालीं निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’नें हाच नायक ‘वेताळ’ म्हणून मराठी घरांत आणला. पुस्तकांत मात्र रात्रभराची ती प्रतीक्षा उरली नाहीं. गति वाचकाच्या बोटांच्या स्वाधीन झाली.

कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर चित्रकथींची रीत निराळी. पोथींतील एकेक चित्र समोर धरून ते रामायण-महाभारतांतील आख्यान गातात. चित्र केव्हां पालटावें, हें गाणाराच ठरवितो. याच परंपरेंतील परशुराम गंगावणे यांना २०२१ सालीं पद्मश्री जाहीर झाली. परंतु जुन्या पोथ्या कांचेआड सुरक्षित ठेवल्या, म्हणजे ही कला राखली असें होत नाहीं. छापील चौकटींमधली जागा वाचक भरून काढील. पोथींतील दोन चित्रांमधली जागा गाणाऱ्या गळ्यावांचून कोरीच राहील.