महादेवाच्या वाटेने सातपुड्यात



वर्धा जिल्ह्याच्या माणसाने डोंगरावर बोलावे, याचे कित्येकांना हसू येईल. आपल्याकडे कपाशीची काळी राने, फार तर आर्वी-कारंज्याकडच्या टेकड्या. पण ‘महादेवाला जाऊन आलो’ असे सांगणारे म्हातारे माणूस आपल्या खेड्यापाड्यांत हमखास भेटते. हा महादेव पचमढीचा. महाशिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढायचा, आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारीला जायचे. गिर्यारोहण हा शब्द कानी पडण्यापूर्वीपासून आपले शेतकरी ही वाट तुडवीत आहेत. तिला त्यांनी छंद म्हटले नाही, एवढेच.

आम्ही प्रथम गेलो ते नागद्वारीच्या दिवसांत. वर्ध्याहून नागपूर, इटारसी, पिपरिया अशी रेल्वे, आणि पुढे पचमढीपर्यंत ५४ किलोमीटर सडक. जुनी मंडळी जुन्नारदेवकडून पायी जात. तिथल्या देवस्थानालाच ‘पहिली पायरी’ म्हणतात. चौरागड अजून कितीतरी दूर आणि पायरी मात्र सुरू! यात्रा कुठून मोजायची याचा हिशेब त्या लोकांपाशी पक्का होता.

वर गेल्यावर आम्हांला प्रथम नवल वाटले ते दगडाचे. आपला दगड काळा, लाव्हारस थिजून झालेला. त्याचीच माती आपण नांगरतो. पचमढीचा दगड वाळूचा, तांबूस, त्याहून कितीतरी जुना. तो पाणी पितो आणि हळूहळू सोडतो. म्हणून तिथे जागोजाग गुहा, खोल दऱ्या, आणि कड्यांतून पाझरणारे झरे. झाडेही बदलतात. साग आपल्या ओळखीचा. त्याच्या शेजारी इथे साल उभा राहतो, आणि साल आपल्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही.

नागद्वारीची वाट धूपगडाच्या बाजूने दरीत उतरते. धूपगड म्हणजे १३५२ मीटर, सातपुड्याचे सर्वोच्च शिखर. काजरी, पद्मशेष, चिंतामणी, स्वर्गद्वार असे टप्पे. मध्ये कड्याला लावलेल्या लोखंडी शिड्या, वरून पाऊस, खाली शेवाळ. साठी उलटलेल्या बाया लुगड्याचा ओचा खोचून अनवाणी त्या शिड्या चढत होत्या. आमचे बूट घसरत होते.

कॅप्टन जेम्स फोर्सिथने पचमढी ‘शोधून काढली’, असे पर्यटनाच्या पुस्तिका छापतात. या परिसरावरचा त्याचा ग्रंथ १८७१ चा. तो वाचनीय आहे, यात शंका नाही. पण कोरकू आणि गोंड तिथे राहतच होते. साहेबाने शोधली ती बंगल्यांना जागा! पुढे नागपूरचे सरकार उन्हाळ्यात तिकडे मुक्कामाला जाऊ लागले. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या आणि ती गिरिस्थाने आपल्या राज्याबाहेर राहिली. यात्रेकरूंना त्याचे काही वाटले नाही.

आज ही वाट व्याघ्र प्रकल्पात आहे आणि वर्षातून थोडेच दिवस उघडते. काहींना हा जाच वाटतो. आम्हांला तो रास्त वाटतो. उरलेले वर्ष जंगलाचे. खरा प्रश्न त्या थोड्या दिवसांचा आहे. तिथे अन्नछत्रे घालणारी बरीच मंडळे आपल्या विदर्भातली. भात-भाजी प्रेमाने वाढतात, आणि मागे पत्रावळी, प्लास्टिकचे पेले दरीत राहतात. जुने यात्रेकरू शिदोरी फडक्यात नेत, आणि रिकामे फडके परत आणीत.