समुद्राचे मासे आणि आपला वैशाख
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी सातवी शिकलेली, चूल आणि मूल सांभाळणारी बाई. भाषणाची मला सवय नाही. पण आमच्या घरातले समुद्राचे मासे उन्हाळ्यात जगतात कसे, असे तुमच्यापैकी पुष्कळजणींनी मला विचारले आहे, आणि तुमच्या मुलांनीही आता तसा हट्ट धरला आहे. तेव्हा एकदाच काय ते सांगून टाकते.

यवतमाळ जिल्हा कुठे आणि समुद्र कुठे! मुंबईचा किनारा आपल्यापासून सहाशे-सातशे किलोमीटर. असे मासे पाहायला पूर्वी लोक मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात जात. ते १९५१ साली सुरू झाले. आता सागरी मीठ पिशवीत मिळते. शुद्ध केलेल्या पाण्यात ते लिटरला साधारण ३५ ग्रॅम विरघळवले की समुद्राजोगे पाणी तयार होते. आपले स्वयंपाकाचे मीठ मात्र चालत नाही, बरे का.

आमच्या धाकट्याने हा संसार मांडला आणि स्वारी शिकायला पुण्याला निघून गेली. टाकी १०० लिटरांची. तीत नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउन माशांची जोडी आणि एक झिंगा. मासे पैदाशीचे आहेत, समुद्रातून धरून आणलेले नव्हेत. आपल्या देशात ही पैदास कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधली आहे. घ्यायचेच तर तसलेच घ्यावेत. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांच्या वाटेला जाऊ नये. आपल्या टिपेश्वरचा वाघ कायद्याच्या ज्या यादीत आहे, त्याच यादीत २००१ सालापासून तेही आहेत.

आता उन्हाचे. हे मासे २५ ते २७ अंशांत सुखात असतात. २९ झाले की मी उठते, आणि ३० च्या वर गेले की घरातल्या सगळ्यांना उठवते. तुम्ही म्हणाल, दोन-तीन अंशांनी असे काय बिघडते? समुद्राचे पाणी मोठे, ते आपल्या हवेसारखे सकाळी एक नि दुपारी एक होत नाही, म्हणून तिथल्या जिवांना चढउताराची सवय नसते. १९९८ आणि २०१६ साली समुद्र नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनीच जास्त तापला आणि तसाच काही आठवडे राहिला, तर लक्षद्वीपची प्रवाळे पांढरी पडून मेली. शिवाय पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि त्याच वेळी माशाची गरज वाढते. मग तो वर येऊन धापा टाकतो.

आणि आपल्याकडे तर पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसच्या घरात! पण भगिनींनो, आपले ऊन कोरडे आहे आणि तोच आपला आधार. माठ कसा गार होतो? पाणी झिरपते, त्याची वाफ होते, आणि ती वाफ जाताना माठातली उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितके पाणी गार. मुंबईला हवा आपल्यापेक्षा दहा अंशांनी कमी तापते, पण ती दमट. तिथे माठाला आपल्यासारखा गारवा येत नाही. काच झिरपत नाही, एवढाच टाकीत आणि माठात फरक. म्हणून मी टाकीचे झाकण काढून जाळी बसवली (हे मासे उड्या मारतात) आणि एक लहान पंखा असा लावला की वारा पाण्यावरून सरकत जावा.

हिशेब धाकट्याने मांडून दिला, तो मला फार आवडला. एक लिटर पाणी वाफ होऊन गेले तर १०० लिटर पाण्याची पाच अंशांहून जास्त उष्णता नेते. तेच एक लिटरची बर्फाची बाटली टाकीत सोडली तर फार तर एक अंश उतरतो. म्हणजे फ्रीजपेक्षा आपला माठच शहाणा! बाटल्या मी अडीअडचणीला ठेवते. त्या काठोकाठ भरायच्या नाहीत आणि बूच घट्ट लावायचे. सुटा बर्फ कधीच घालायचा नाही, त्याने पाणी आळणी होते.

पंख्याने पाणी रोज आटते, मीठ मात्र आटत नाही. आमटी आटून खारट झाली तर आपण वरून मीठ घालतो का? पाणीच घालतो ना? तसेच इथे. काचेवर मी रेघ ओढून ठेवली आहे. सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत साधे शुद्ध पाणी, तेही थोडे थोडे. टाकीतला दिवा दुपारी बंद आणि रात्री चालू, कारण दिव्याचीही ऊब असते. खाणे अर्धे.

नवतपात नुसत्या पंख्याने भागत नाही, खोलीच गार लागते. आमच्याकडे कुलर एक. तो माशांना लावायचा की सासूबाईंना, हा प्रश्न आला तेव्हा मी टाकीच सासूबाईंच्या खोलीत नेली. पहिले आठ दिवस त्यांना पंपाच्या आवाजाने झोप नव्हती. आता दुपारी पारा किती, हे त्याच मला ओरडून सांगतात. कुलर चालू असताना खिडकी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते आणि पाण्यावरचा पंखा निकामी ठरतो.

खरी कसोटी वैशाखाची नव्हेच. ती मृगाच्या तोंडावर येते. आभाळ भरते, पाऊस पडत नाही, अंग चिकचिकते, माठाचे पाणी कोमट लागते. त्या दिवसांत पंखाही हरतो आणि कुलरही. आणि नेमकी तेव्हाच वावटळ येऊन वीज जाते. मागल्या साली अशीच संध्याकाळी वीज गेली ती पहाटे आली. सेलवरचा हवेचा पंप होता, तो मध्यरात्री थांबला. पारा ३० वर, मासे वर आलेले. बाटल्या एकेक करून सोडल्या, एकदम नाही, कारण झटक्याने गार होणेही माशांना सोसत नाही. आणि मग पाणी मगाने उचलून वरून धार धरायची, म्हणजे त्यात हवा मिसळते. तांब्याचे भांडे नको, तांबे झिंग्याला विष आहे. प्लास्टिकचा मग घ्यावा. यजमान, मी आणि सासूबाई, पाळीपाळीने. मी म्हटले, "आई, तुम्ही निजा." तर म्हणाल्या, "आण तो मग इकडे. जीव हाये बाई तो." वीज येईपर्यंत तिघे जीव तगले होते.

तेव्हा ज्यांच्या घरी दुपारी कोणी नसते, किंवा कुलरला पाणी विकत आणावे लागते, त्यांनी मुलांचा हट्ट पुरवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शीतयंत्र मिळते, पण ते महाग, आणि पाण्यातली उष्णता काढून ते खोलीतच फेकते. बाकीच्यांनी टाकी आणायची तर दिवाळीनंतर आणावी, म्हणजे उन्हाळा लागेपर्यंत हात बसतो. पाण्यात ठेवायचा पारा आधी घ्यावा, मासे मागाहून. आणि सेल दोन जोड्या जास्तीचे ठेवावेत.